बटणावरची बटाट्याची चकती

मला पगार मिळतो तो चुका काढण्याचा. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी टेस्टर आहे. पिंपळे सौदागरमध्ये मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दुपारी जिलेबीचा वास वर येतो आणि सगळ्यांना पेंग येते. प्रोग्रामर खेळ बनवतात आणि मी तो मोडून दाखवते. स्वभाव भांडखोर असल्यामुळे हे काम मला मानवलं. आई म्हणायची, हिला कुणीतरी भांडायचाच पगार दिला पाहिजे. शेवटी दिला कुणीतरी.

त्या बीटा टेस्टिंगची आठवण झाली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. खेळ बाजारात आणायच्या आधी बाहेरच्या थोड्या लोकांना खेळायला देतात आणि कुणाचं कुठं अडतं ते बघतात, त्याला बीटा टेस्टिंग म्हणतात. बोलायला सोपं आहे. भांडण लागतं ते 'थोडे लोक' म्हणजे कोण, यावर.

आमचा खेळ होता बैलगाडा शर्यतीचा. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते चाकणच्या पलीकडच्या एका गावचे. पूर्वी शेती होती, आता त्याच जमिनीवर त्यांनी कारखान्यांना भाड्यानं दिलेल्या शेड आहेत, आणि मागच्या गोठ्यात शर्यतीचे बैल. बैलांवर माणसाचा जीव खरा. आपल्या घाटातली शर्यत, म्हणजे चढावरच्या मार्गावर पळणारी, लोकांनी मोबाइलवर खेळावी असं त्यांच्या मनानं घेतलं आणि शेडचं भाडं खेळात ओतायला सुरुवात केली.

खेळ साधा होता. पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन बटणं, एक डाव्या बैलाचं, एक उजव्या. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली की गाडा सुटतो. पुढं दोघांना सारखं पळवत ठेवायचं; एकाच बैलाचं बटण दाबून धरलं तर गाडा एका अंगाला ओढतो आणि कडेला घासतो. एका प्रोग्रामरनं आपल्या हौसेनं एक सोय अर्धी बनवून ठेवली होती: ही बटणं बोटानं ओढून पडद्यावर हवी तिथं नेऊन ठेवायची. ती पुरी करायची की टाकून द्यायची, हे बीटामध्ये ठरणार होतं. ऑफिसात कुणाला त्या सोयीचं काही पडलं नव्हतं. मला पडलं होतं, आणि त्याचं कारण माझा दादा.

दादा माझ्याहून बराच मोठा. आमच्या लहानपणी चिंचवड स्टेशनजवळच्या एका गाळ्यात नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची खोकी होती. मुलींनी तिथं जायचं नाही, असं कुणी म्हणत नसे, पण एकही मुलगी तिथं दिसत नसे. दादा मला हाताला धरून न्यायचा. माझा हात पोचायचा नाही म्हणून मालकाकडून स्टूल मागून त्यावर उभं करायचा आणि म्हणायचा, "तू नुसतं मारत सुट, मी चालवतो." मी पडद्यावर मेले की तो खिशातलं नाणं टाकायचा. तो मेला की हात मागं बांधून माझा खेळ बघत उभा राहायचा. माझी आजची नोकरी त्या स्टुलावर सुरू झाली, आणि हे मी ऑफिसात पुष्कळांना सांगितलं आहे.

मी कॉलेजात गेले तोवर दादा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये लागला होता, जिथं मोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढतात. काही वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात त्या प्रेसखाली आला. अंगठा अर्धा राहिला, शेजारची दोन बोटं गेली. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. झालं कसं, असं कुणी विचारलं की दादा एकच उत्तर द्यायचा, "माझंच लक्ष नव्हतं." आम्ही घरचेही तेच म्हणायला शिकलो. आमच्याकडं असा हात दिसला तर कुणी दचकत नाही. शेअर रिक्षात सुटे पैसे पुढं करणारा, टपरीवर चहाचा ग्लास धरणारा असा हात रोज दिसतो. लोक फक्त विचारतात, "कुठली कंपनी?"

दादा अजूनही खेळतो. फोन मांडीवर ठेवून डाव्या हातानं खेळतो. नवा खेळ आला की आधी बटणं कुठं आहेत ते बघतो. हल्लीच्या खेळांत सगळं उजव्या कोपऱ्यात. मग एक सुस्कारा आणि खेळ फोनमधून बाहेर. आम्ही बैलगाड्याचा खेळ करतोय म्हटल्यावर मात्र त्याचे डोळे चमकले. तरुणपणी सुट्टी पडली की कंपनीतल्या मित्रांबरोबर तो घाटात शर्यती बघायला जायचा, ओरडून ओरडून घसा बसवून घरी यायचा.

"मला जमेल का गं तो?" त्यानं विचारलं.

"न जमायला काय झालं? मी आहे ना तिथं," मी म्हटलं.

हे बोलून बसले आणि मग मीटिंग झाली.

टेस्टर निवडायचं काम आमच्या मॅनेजरकडं होतं. माझ्याहून लहान, पुण्यात वाढलेला, इंग्रजी फर्डं. बैल त्यानं बहुधा बेंदराच्या फोटोतच पाहिलेला. त्याची कसोटी सोपी होती: ज्याचा फोन भारी आणि ज्याचे फॉलोअर्स जास्त, तो टेस्टर. पडद्यावर त्यानं निवडलेले चेहरे एकामागून एक दाखवले. रील बनवणारे, गॉगलवाले, जिममध्ये जाऊन दंड फुगवलेले, एक तर गाडीच्या बॉनेटवर बसलेला. मी चेहरे बघत होते आणि माझं डोकं तापत होतं.

"यात शिफ्टला जाणारं कोण आहे?" मी विचारलं. "कंपनीच्या बसमध्ये मान खाली घालून खेळणारी माणसं? फुटलेल्या काचेच्या फोनवर खेळणारी?"

"ते लॉन्च झाल्यावर खेळतीलच की," मॅनेजर म्हणाला. "त्यांना बीटामध्ये घेऊन आपल्याला काय मिळणार? नुसत्या कंप्लेंट येतील."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण नाही, तो तसंच म्हणाला होता आणि म्हणताना त्याला काही वाटलंही नव्हतं. म्हणजे खेळ त्यांनी खेळायचा, मधल्या जाहिराती त्यांनी बघायच्या, आमचे पगार त्यांच्या जिवावर निघायचे, आणि बाबांनो, तुम्हाला हा खेळ जमतो का, एवढंच तेवढं त्यांना विचारायचं नाही. कारण ते खरं सांगतील.

"कंप्लेंटसाठीच तर बीटा असतो," मी म्हटलं. "जेवण कसं झालं हे ढेकर देणाऱ्याला विचारून काय कळणार? ज्याच्या घशात काटा अडकला त्याला विचारा."

भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. "ताई, रागावू नका," ते म्हणाले. "तुमचं म्हननं बरूबर हाय. पन ही पोरं रील टाकत्यात, त्येच्यावर खेळ चालतो. आमी काय धर्मादाय करत न्हाई."

"धर्मादाय नको, भाऊ. एक जागा द्या."

मी दादाबद्दल सांगितलं. हात कसा आहे तेही सांगितलं, नाइलाजानं. भावाचा तुटलेला हात मीटिंगच्या टेबलावर ठेवताना मला स्वतःची किळस आली. मॅनेजरचा चेहरा मात्र उजळला. "अरे, हे तर बेस्ट आहे," तो म्हणाला. "ॲक्सेसिबिलिटी! अपंगांनाही खेळता येतो म्हणायचं, आपला तो पण पॉइंट कव्हर होऊन जाईल." त्यानं एक अट घातली: घरचा माणूस असल्यामुळे टेस्टिंग संपेपर्यंत मी दादाशी खेळाबद्दल अक्षरही बोलायचं नाही, बघायलाही जायचं नाही. अट योग्य होती. एरवी मीच घातली असती.

पुढचे दिवस मी दात-ओठ खात काढले. गॉगलवाल्यांना भाऊंच्या गोठ्यावर नेलं, बैलांबरोबर फोटो झाले, मटणाचं जेवण झालं. सगळ्यांना कंपनीच्या टोप्या मिळाल्या. त्यांचे अभिप्राय माझ्याकडं यायचे. एकाला बैलांची शिंगं सोनेरी हवी होती. एकाला त्याची स्वतःची गाडी खेळात कुठंतरी उभी दिसायला हवी होती. बॉनेटवरच्या माणसानं खेळ उघडलाच नव्हता, तरी 'एक नंबर, भावांनो' असं कळवलं होतं. यांच्यासाठी जागा होत्या. नाकानं कांदे सोलणारे हे लोक आणि त्यांची शेपूट धरून चालणारे आम्ही.

मग दादाचा अभिप्राय आला. टेस्टरांनी आपलं म्हणणं बोलून पाठवायचं होतं, आणि ते सगळं ऐकायचं काम माझं. हे दादाला माहीत होतं. हेडफोन लावला आणि त्याचा आवाज आला.

"नमस्कार मॅडम. खेळ चांगला आहे. बटणं चालू आहेत. काही अडचण नाही. सगळं ओके आहे, मॅडम."

मॅडम! मी त्याच्या हाताला धरून व्हिडिओ गेमच्या गाळ्यात गेलेली त्याची बहीण, आणि हा मला मॅडम म्हणत होता. आणि आवाज तरी कसा. कंपनीत साहेब फेरीवर आले की कामगाराचा जो होतो तो, सपाट, छातीत हवा भरून काढलेला.

मला ते पटेना. मी त्याच्या खेळाची आमच्याकडं झालेली नोंद उघडली. गाडा प्रत्येक वेळी नीट सुटला होता. एकही शर्यत त्यानं अर्ध्यावर सोडली नव्हती. पण गाडा सगळ्या शर्यतींत एकाच बाजूला घासत गेला होता. उजव्या बैलाचं बटण पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबलेलंच. मी मॅनेजरला दाखवलं.

"स्टाईल असेल त्याची," तो म्हणाला. "मुद्दा काय, बोटं तुटलेला माणूस सगळ्या शर्यती पुऱ्या करतोय आणि ओके म्हणतोय. मग बटणं हलवायची सोय हवीच कुणाला? काढून टाकू. तुझ्या भावानंच सिद्ध केलं ना."

 मला बोलायला तोंडच ठेवलं नव्हतं दादानं.

टेस्टिंग संपल्यावरच्या रविवारी सकाळी मी चिंचवडला गेले. दादा आमच्या वडिलांच्याच घरात राहतो. वहिनी ओट्यापाशी पोह्यांसाठी बटाटे चिरत होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "या ताई. तुमच्या त्या खेळानं माझे बटाटे संपवले बघा."

मला काही कळलं नाही. आत गेले तर दादा कॉटवर बसलेला, मांडीवर फोन. फोनच्या उजव्या कोपऱ्यातल्या बटणावर बटाट्याची गोल चकती ठेवून ती वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीनं बांधली होती, आणि उजव्या हाताचा तळवा तिला टेकवला होता. ओलसर वस्तू हाताला लागून असली की फोनची काच तिला बोटच समजते. उजवं बटण असं कायमचं दाबून ठेवायचं आणि डाव्या अंगठ्यानं दुसरं दाबलं की गाडा सुटतो. मग तो घासत का जाईना.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जुगाड." दादा खूश होता. "चालतंय की नाही? चकती सुकली की बदलायची."

"चालतंय?" माझा आवाज चढला. "तुला कशाला बोलावलं होतं? अडतंय कुठं ते सांगायला. आणि तू बटाटा बांधून मला ओके मॅडम म्हणतोस?"

"अगं, ओरडतेस कशाला?"

"ओरडू नको तर काय करू? त्यांनी ती सोय काढून टाकली, दादा. बटणं हलवायची. तुझ्यासाठी भांडून भांडून मी जीव काढला, आणि तुझंच नाव सांगून त्यांनी ती काढली."

त्याचं हसू मावळलं. तो नखानं चिकटपट्टी सोडवायला लागला. मग म्हणाला, "तूच भांडून जागा मिळवलीस. बहिणीनं भावाला घुसवला आणि भावानं पहिल्याच दिवशी काम अडवलं, असं म्हटलं असतं लोकांनी. नोकरी आहे तुझी तिथं."

"माझी नोकरीच ती आहे. काम अडवायची."

"असं तुला वाटतं. काम थांबवणारा माणूस कुणाला आवडत नाही. तुझ्या एसीतल्या ऑफिसात पण नाही." तो थांबला. वहिनी पोहे घेऊन आली, आमची तोंडं बघितली आणि ताटल्या ठेवून परत गेली. ती गेल्यावर दादा हळू आवाजात म्हणाला, "प्रेसवर पण असंच असायचं."

"असंच म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. त्याच्या प्रेसलाही दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. कारण दोन्ही हात बटणांवर असले की प्रेसखाली एकही नसतो. हात वाचावेत म्हणूनच ती दोन ठेवलेली. पण दोन्ही हात अडकले की पत्रा सरकवायला वेळ लागतो, आणि टार्गेट पुरं होत नाही. म्हणून सुपरवायझर एका बटणात रबराचा तुकडा कोंबून ते कायमचं दाबून ठेवायचा. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. माल भराभर निघायचा.

"तुला माहीत होतं हे धोक्याचं आहे म्हणून?"

"सगळ्यांना माहीत असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच दाखवतात. मीच दाखवलंय कितीजणांना."

"आणि हात गेला तेव्हा?"

"मला हॉस्पिटलात नेईपर्यंत कुणीतरी रबर काढून घेतलं होतं. मोठे साहेब भेटायला आले. मशीन ओके होतं ना, म्हणाले. मी म्हटलं, ओके होतं, साहेब. माझंच लक्ष नव्हतं." त्यानं पोह्यांची ताटली जवळ ओढली. "खरं सांगितलं असतं तर स्टोअरमध्ये तरी ठेवलं असतं का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. इतकी वर्षं तो हा मार खात होता आणि आम्ही शेजारी बसून, लक्ष ठेवायला हवं होतंस दादा, असं त्याला सांगत होतो. मला त्या सुपरवायझरचा राग आला, त्या मोठ्या साहेबांचा आला, घरातल्या सगळ्यांचा आला. आणि दादाचाही आला, हे मी लपवणार नाही. ज्या युक्तीनं हात गेला तीच युक्ती त्यानं माझ्या खेळावर केली होती, स्वतःच्या हातानं, कुणी न सांगता, काम थांबायला नको म्हणून. आणि वर ओके म्हणाला होता. मी पोहे न खाता उठले. वहिनीनं हाक मारली तरी थांबले नाही.

सोमवारी ऑफिसात मी भाऊंना आणि मॅनेजरला बटाट्याचं सगळं सांगितलं. रबराचं सांगितलं नाही, ते दादाचं होतं. भाऊ आधी हसले, मग खुर्चीत सरळ बसले. "बोलवा त्येंला," म्हणाले. मला वाटलं माणूस वरमला. पण मॅनेजरच्या डोक्यात तोवर दुसरंच शिजायला लागलं होतं. बटाट्याचा व्हिडिओ करायचा. बोटं तुटलेला कामगार, जिद्द, जुगाड, आणि आमचा खेळ. शेवटी दादानं कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, 'जिद्द असली की सगळं ओके!' ज्याच्या बोलण्याला बीटात किंमत नव्हती, त्याच्या तुटलेल्या हाताला जाहिरातीत होती. मी मॅनेजरला तोंडावर निर्लज्ज म्हटलं. तो म्हणाला, "निर्णय तुझ्या भावाला घेऊ दे ना." आणि दादानं, मला न विचारता, येतो म्हणून सांगितलं.

तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, उजवा हात खिशात. त्याला गोल दिव्यासमोर खुर्चीत बसवलं. मॅनेजरनं खालच्या भाजीवाल्याकडून बटाटा मागवला होता, धुऊन पुसून ठेवला होता. भाऊ नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि अजून एक शब्द कुणी बोललं तर तो बटाटा कुणाच्या तरी डोक्यात घालायचा, असं ठरवलं होतं. दादानं माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हातानं, गप राहा, अशी खूण केली. लहानपणी खोक्यासमोर मी आरडाओरडा केला की अशीच करायचा.

मग त्यानं उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. बटाटा बाजूला सरकवला.

"हा खेळ माझ्या हाताला चालत नाही," तो म्हणाला.

"दादा, ती लाइन नाहीये," मॅनेजर कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"माहीत आहे, साहेब. पण मी आधी ओके म्हटलं होतं ते खोटं होतं. बटाटा लावला की गाडा सुटतो, पण घासत जातो. बैल सरळ पळत नाहीत. बटण जरा इकडं घेता आलं तर मला नीट खेळता येईल." त्याचा आवाज तो मॅडमवाला नव्हता, घरातला होता. "आणि आता बोलतोच आहे तर सांगतो. प्रेसवर पण ओके नव्हतं. तिथं पण बटण बांधलेलं होतं. माझं लक्ष होतं. हात गेला तो बटणात रबर होतं म्हणून."

त्यानं कंपनीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, कारण भाऊ खाली बघायला लागले. त्यांच्या शेडमध्ये भाड्यानं कुठली प्रेस शॉप चालतात हे त्यांना पाठ आहे. प्रेस कशा चालतात तेही पाठ असणार.  मग भाऊ उठले आणि मॅनेजरला म्हणाले, "बटन हलवायचं ठिवा खेळात. पयलं ते करा." मग दारापाशी थांबून, आमच्याकडं न बघता, "आन त्यो व्हिडिओ पुसून टाका. उगी भाडेकरूंशी वाकडं नगं."

व्हिडिओ माझ्यासमोर पुसला गेला. मी भाऊंच्या मागं जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, "भाऊ, अर्धंच ऐकलंत तुम्ही." ते म्हणाले, "ताई, मला जेवढं जमतं तेवढं केलं." आणि गाडीत बसून गेले. मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा मॅनेजरचाही कधी आला नव्हता. मॅनेजरला कळलंच नव्हतं. यांना कळलं होतं.

बटणाची सोय दोन दिवसांत पुरी झाली. अर्धी तर बनलेलीच होती. पुढच्या रविवारी मी नवा खेळ दादाच्या फोनवर घातला. कॉटवर त्याच्या शेजारी बसून त्याला दाखवलं: बटणावर बोट दाबून धरायचं आणि ओढायचं. त्यानं उजवं बटण डाव्याच्या वर आणून ठेवलं, अंगठा एकावर, पहिलं बोट दुसऱ्यावर. गाडा सुटला. पहिल्यांदा हरला, दुसऱ्यांदाही हरला, पण गाडा मधून पळाला. 

"एवढं सोपं होतं?" तो म्हणाला.

 फोनवरचं बटण होतं, दोन दिवसांत हललं.

"त्या प्रेसवर आता एक नवा ऑपरेटर बसतो," दादा पुढं म्हणाला. "स्टोअरमधून जाता-येता दिसतो. रबर आहे तसंच आहे." त्यानं पुन्हा बटणं नीट लावली. "उद्या फर्स्ट शिफ्टला साहेबांना सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

राहू दे ना, दादा, कशाला, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. स्टोअरमधूनही काढलं तर? या वयात, या हाताला, दुसरीकडं कोण उभं करणार? वहिनी आत भाकरी थापत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. गेल्या रविवारी याच खोलीत मी त्याला गप्प बसण्याबद्दल इतकं बोलले होते, आणि आज मलाच तो गप्प बसायला हवा होता. मला माझा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी ते शब्द गिळले.

"सांग," मी म्हटलं.

दादानं मान हलवली आणि आत वळून म्हणाला, "अगं, उद्या डबा लवकर लागेल. पहिली बस पकडायची आहे."